बीआरझेडचा ऑइल कूलर: दुसऱ्यांदा घेतला तो

मोबाइलवर १३४ आकडा आला तेव्हा थंडरहिल रेस ट्रॅकवर माझी सहावी चक्कर चालू होती. जूनचा महिना, बाहेर ३८ अंश, एसी बंद, हेल्मेटमधला घाम थेट डोळ्यांत. डॅशवरचा पाण्याचा काटा मात्र जागचा हलला नव्हता. गाडीच्या मते सगळं आलबेल. १३४ हे तापमान तेलाचं होतं, आणि २०१३ च्या सुबारू बीआरझेडला तेलाचा काटाच नाही. पंचवीस डॉलरचा ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर पाठवणारा) आणि एक ॲप लावलं म्हणून तो आकडा दिसला तरी. आदल्या उन्हाळ्यात डोंगल नव्हता. म्हणजे तेव्हाही मी ह्याच तापमानात खुशाल गाडी पिळत असणार, हे लक्षात आलं आणि पोटात गोळा आला.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता फ्रीमाँटला असतो. गाडी रोज ऑफिसला जाते आणि वर्षातून पाच-सहा वेळा ट्रॅकवर, बहुतेक करून थंडरहिललाच. फ्रीमाँटहून अडीच तास, विलोज नावाचं छोटं गाव, आजूबाजूला भाताची खाचरं आणि बदामाच्या बागा. भात बघून मन आजऱ्याकडे जातं, उन्हाळा बघून लगेच परत येतं.

ऑइल कूलर म्हणजे इंजिनाचं तेल गार करणारी, रेडिएटरसारखी जाळी. हा रिव्ह्यू मी घेतलेल्या दुसऱ्या कूलरचा आहे. पहिला का काढावा लागला ते सांगितल्याशिवाय दुसऱ्याचं कौतुक कळणार नाही, म्हणून तेही सांगतो.

आधी ह्या गाडीचं तेल एवढं तापतं का, ते. एफए२० हे दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, टर्बो नाही, कॉम्प्रेशन १२.५ ला १. सगळी ताकद वरच्या आरपीएमला आहे, म्हणजे ट्रॅकवर काटा साडेपाच ते सात हजारांच्या मधेच नाचत राहतो. बेअरिंगमधल्या तेलाच्या पातळ थरात घर्षण होतं, पिस्टनच्या पोटाची उष्णता तेलच घेतं, आणि अमेरिकेत विकलेल्या ह्या गाडीत ती उष्णता काढून घ्यायला कंपनीने काहीच दिलेलं नाही. संपवर, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीवर, जो काही वारा लागेल तेवढाच. वर तेल कुठलं, तर ०डब्ल्यू-२०. ह्या २० नंबरच्या तेलाचा दाटपणा १०० अंशांवर ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्समध्ये असावा असं एसएई ह्या गाड्यांच्या इंजिनिअरांच्या संस्थेचा तक्ता सांगतो. १३४ ला तोच दाटपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. तेल म्हणून ओतलेलं बेअरिंगला पाण्यासारखं लागायला लागतं.

ट्रॅकवरच्या एका म्हाताऱ्या इन्स्ट्रक्टरने सुचवलं की निदान ५डब्ल्यू-३० टाक. टाकलं. दाटपणाला थोडा आधार मिळाला, आकडा मात्र खाली आला नाही. दाट तेल ढवळायला जास्त ताकद लागते, ती पुन्हा उष्णताच होते.

आता एक गोष्ट खरेदीच्या आधीची, आणि ती ऐकलीत तर कदाचित तुमचे पाचशे-सहाशे डॉलर वाचतील. डोंगल लावून पंधरा दिवस नुसते आकडे बघा. मी बघितले. ऑफिसला जाता-येता ९२ ते ९६. रविवारी पहाटे स्कायलाइन बुलेवार्डवर, म्हणजे हायवे ३५ वर, मनसोक्त हाणली तरी १०८ च्या वर गेलं नाही. डोंगरातल्या रस्त्यावर वळणं कितीही असली तरी वीस मिनिटं सलग सात हजार आरपीएम होत नाही. पुढे कुणाची तरी मिनीव्हॅन असतेच. तुमची गाडी फक्त डोंगरात जात असेल तर कूलर घेऊ नका. बंपरमागे चमकणारी जाळी दिसावी म्हणून घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी, हौसेला मोल नसतं. ट्रॅकवर सलग १३० च्या पुढे जात असाल तर मात्र घ्या, आणि घेईपर्यंत दर तिसऱ्या-चौथ्या चक्करला दम घ्या. मी स्वतःसाठी १२५ ची रेघ मारून घेतली आहे. ती कुठल्या पुस्तकातली नाही, माझ्या पाकिटातली आहे.

पहिली खरेदी आंधळेपणाने झाली. पंचवीस रोचा (म्हणजे एकावर एक पंचवीस थरांचा) कोअर, म्हणजे जाळी, दोन होज, एक सँडविच प्लेट (इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्या मधे बसणारी चकती), सगळं एका खोक्यात, २४० डॉलर. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगण्यासारखं नावही नव्हतं. मी रो मोजले, किंमत बघितली, बटण दाबलं. कोल्हापुरात कॉलेजला असताना पल्सर २२० च्या पुढ्यात तो एवढासा ऑइल कूलर बघून आम्ही हरखून जायचो. डोक्यात तेव्हापासून एकच समीकरण बसलेलं, की जाळी जितकी मोठी तितकी गाडी भारी.

सप्टेंबरात ट्रॅकवर नेली. १०७! वीस मिनिटांचं अख्खं सेशन, आणि १०७. मी पार्किंगमध्ये चार जणांना मोबाइल दाखवत फिरलो.

मग हिवाळा आला. बे एरियाचा हिवाळा तो काय, सकाळी सहा-सात अंश. पण त्या किटमध्ये थर्मोस्टॅट, म्हणजे तेल तापेपर्यंत जाळीची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह, नव्हता. गाडी चालू केली की पहिल्या सेकंदापासून सगळं तेल त्या मोठ्या जाळीतून फिरायचं, आणि हायवेच्या गार वाऱ्यात तापायचं नावच घ्यायचं नाही. ऑफिसपर्यंतचा पस्तीस मिनिटांचा रस्ता संपला तरी ६६. जानेवारीत एकदा तेल बघायला झाकण उघडलं तर झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट साय. दुधावर धरते तशी, बोटाने उचलावी इतकी. इंजिनात ज्वलनातून पाण्याची वाफ येतच असते, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात थोडं पेट्रोलही तेलात उतरतं. तेल रोज शंभराच्या आसपास तापलं तर दोन्ही उडून जातं. ६६ ला काही उडत नाही, तिथेच मुक्काम करतं.

रविवारी काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांचं शिरोलीला ट्रकचं गॅरेज, चाळीस वर्षं डिझेल इंजिनं उघडण्यात गेली. त्यांच्याकडे ऑइल कूलरची चैन नसते, ट्रकच्या इंजिनात तो कंपनीतूनच येतो, रेडिएटरच्या पाण्यावर चालणारा. फुटला की रेडिएटरमध्ये तेलाचं लोणी तरंगतं, हे मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. झाकण कॅमेऱ्यासमोर धरलं. काका चष्मा वर करून बघत राहिले.

"मधे व्हॉल न्हाई व्हय रं?"

"नाही काका. थेट आहे."

"मग येड्या, आधी तापू दे की तेल. मग गार कर."

फेब्रुवारीत मी जाळीसमोर पुठ्ठा बांधला. जुने लोक करतात तोच उपाय, ६६ चे ७९ झाले. पण ट्रॅक डेच्या सकाळी पुठ्ठा काढायचा, संध्याकाळी परत बांधायचा, हा काही संसार नव्हे.

शेवटी मार्चमध्ये प्रश्न आपोआप सुटला. थंडरहिलचं दुसरं वळण म्हणजे डावीकडे लांबच लांब, संपतच नाही असं. त्यात असताना आधी वास आला, करपलेल्या तेलाचा, जत्रेतल्या भज्यांच्या कढईसारखा. मग आरशात निळसर धूर. पुढच्या चौकीवरच्या बाईंनी माझ्याकडे बोट करून काळा झेंडा दाखवला. मी रेषेच्या बाहेर, हळूहळू, मान खाली घालून आत आलो. बॉनेट उघडलं: सँडविच प्लेटच्या खालचा ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, एका बाजूने चिरडून बाहेर आलेला. खाचेपेक्षा तो जाडीला कमी होता, घरी आणून कॅलिपरने मोजला तेव्हा कळलं. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की बसवण्यात चूक झाली असावी. अर्धं खरंही असेल. पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर सगळे जोड पुन्हा तपासायचे असतात, ते मी एकदाच केलं होतं. पण वळणावर सांडलेल्या तेलावर दोन पोरं भुकटी टाकत होती आणि बाकी वीस गाड्या माझ्यामुळे थांबून होत्या, ते दृश्य अजून विसरलेलो नाही. दुपारच्या जेवणाला मी गाडीतच बसून चपातीचा रोल खाल्ला.

तर दुसरी खरेदी. ह्या वेळी खोकं घेतलं नाही, वस्तू एकेक करून घेतल्या आणि उलट्या क्रमाने घेतल्या. जाळी सगळ्यात शेवटी.

पहिला प्रश्न, हवेवरचा की पाण्यावरचा. पाण्यावरचा म्हणजे फिल्टरच्या खाली बसणारा डबा, त्यात एकीकडून तेल आणि दुसरीकडून रेडिएटरचं पाणी. टर्बोवाल्या डब्ल्यूआरएक्सला असतो तसा. रोजच्या गाडीला हाच उत्तम असं माझं प्रामाणिक मत आहे. सकाळी पाणी आधी तापतं, ते तेलाला तापवतं, हिवाळ्याची साय धरण्याचा प्रश्नच मिटतो. वर पुढे बंपरमध्ये दगड खाणारं काही नाही. मी घेतला नाही, कारण जूनमध्ये ट्रॅकवर माझं पाणीच १०१ ला असतं. तेलाचा ताप त्याच्या गळ्यात घातला तर रेडिएटरही मोठा घ्यावा लागला असता, आणि तिथे बजेट बोंबललं असतं.

म्हणून हवेवरचा, पण थर्मोस्टॅटसकट. ब्रिटनच्या मोकालची थर्मोस्टॅटवाली सँडविच प्लेट घेतली. तेल फिल्टरकडे जाता जाता ती त्याला जाळीकडे वळवते. आतला थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडायला लागतो. बंद असतानाही थोडं तेल जाळीतून झिरपत असतं. हा दोष नाही, मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, म्हणजे जाळी रिकामी राहत नाही आणि थर्मोस्टॅट उघडल्यावर गार तेलाचा लोंढा एकदम इंजिनात येत नाही. एफए२० मध्ये फिल्टर इंजिनाच्या डोक्यावर, पुढच्या बाजूला उभा असतो, बॉनेट उघडलं की समोर. त्यामुळे प्लेट बसवायला गाडीखाली लोळावं लागत नाही आणि होजही आखूड पुरतात. घेताना फिल्टरचा आटा तपासा, ह्या इंजिनाला एम२० बाय १.५ लागतो. आणि ओ-रिंग कॅलिपरने मोजा. हो, नवीन असला तरी.

होजबद्दल थोडं लांबून सांगतो, कारण आग लागते ती इथून, जाळीतून क्वचितच. बाहेरून स्टीलच्या तारेचं विणकाम असलेले होज दिसायला झकास. पण ती तार करवत असते. थरथरत्या गाडीत ती ज्याला टेकेल त्याला कापते, मग तो रेडिएटरचा पाइप असो, वायरिंग असो, की चेसिसचा रंग. मी नायलॉनचं विणकाम असलेले घेतले आणि जिथे जिथे बंपरच्या पत्र्यातून होज आत येतो तिथे जुन्या रबरी पाइपची बाही चढवली. माप दहा नंबर, म्हणजे पाच अष्टमांश इंची. फिटिंग ॲल्युमिनियमची असतात, कसताना दोन पाने लागतात, एकाने मागचा षट्कोन धरायचा आणि दुसऱ्याने पुढचा फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावलात तर जाळीचं तोंडच पिळवटतं. आट्यावर तेलाचा एक थेंब, आणि टेफ्लॉन टेप अजिबात नको. हा जोड आट्यावर नाही, तिरप्या तोंडावर सील होतो. टेपचा तुकडा सुटून तेलात गेला तर तो कुठल्या भोकात जाऊन बसेल ते देव जाणे.

जाळी मूळच्या स्वीडिश सेट्राबची, एकोणीस रोची, स्टॅक्ड प्लेट प्रकारची. रो मोजण्याचा नाद सोडा. एक रो साधारण पाऊण सेंटिमीटर उंच, म्हणजे एकोणीस रो १५ सेंटिमीटरच्या आत, पंचवीस रो १९ च्या पुढे. पण रुंदी सांगितल्याशिवाय ह्या आकड्याला अर्थ नाही. माझा जुना पंचवीसचा कोअर अरुंद होता. नवा एकोणीसचा ३३ सेंटिमीटर रुंद आहे आणि दोघांचं तोंड जवळजवळ सारखंच भरतं. फरक असा की आडवा आणि बुटका कोअर बंपरच्या खालच्या तोंडात अख्खा मावतो. जुन्याचा वरचा तिसरा हिस्सा बंपरच्या आतल्या बीमच्या मागे लपलेला होता, तिथे वारा जातच नव्हता.

वापरलेला कोअर स्वस्तात मिळतो, घेऊ नका. ज्या गाडीतून निघाला तिचं इंजिन बसलं म्हणून निघाला असण्याची शक्यता दाट, आणि त्या प्लेटांमधला धातूचा चुरा धुऊन निघत नाही. तो तुमच्या बेअरिंगमध्ये निघतो.

बसवताना जाळीची तोंडं वर ठेवली, म्हणजे हवा अडकत नाही. खाली रबरी बुशवर टेकवली. पत्र्याला थेट बोल्ट मारला की थरथरीने कोपरे तडकतात. पुढे पाव इंची भोकांची तारेची जाळी, दगडांसाठी. पहिल्याच ट्रॅक डेला तिने दोन दगड खाल्ले, खुणा आहेत.

बंपर काढायला पाऊण तास, घालायला दीड. प्लास्टिकच्या क्लिपा सात तुटल्या, दहा मागवून ठेवा.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त आनंद दिला ती वस्तू फुकट आहे. सगळं बसवून मेमध्ये ट्रॅकवर गेलो, ३४ अंशांत १२१ आला. बरा, पण मनासारखा नाही. वारा आळशी असतो. जाळीतून जाण्यापेक्षा तिच्या कडेने निसटणं त्याला सोपं. गल्लीत निवडणुकीच्या पाट्या पडलेल्या होत्या, नालीदार प्लास्टिकच्या, लॉनमध्ये रोवतात त्या. दोन उचलल्या. कापून, वाकवून बंपरच्या तोंडापासून जाळीच्या चारी कडांपर्यंत नरसाळं केलं, फटींत दाराला लावतात ती फोमची पट्टी. उमेदवाराचं अर्धं नाव अजून आतून दिसतं. कोण ते सांगत नाही, पण एवढं काम त्याने निवडून येऊन केलं नसतं. पुढच्या महिन्यात, ३७ अंशांत, २ मिनिटं १९ सेकंदांच्या सलग सात चक्करा मारल्या. ११५. पाण्याचं तापमान दोन अंश वाढलं, कारण जाळी रेडिएटरच्या पुढ्यात बसलीय आणि तापलेला वारा मागे देते. तेवढं सहन करतो.

ह्या जानेवारीत ऑफिसला जाताना ८८ ते ९१. कूलर नव्हता त्यापेक्षा चारपाच अंश कमीच. झाकणाखाली साय नाही.

तक्रारी आहेत. तेल आता जवळजवळ पाऊण लिटर जास्त लागतं, आणि बदलताना जाळीतलं जुनं तेल आतच राहतं. ते काढायला होज सोडावे लागतात, मी दर दुसऱ्या वेळी सोडतो. प्लेटमुळे फिल्टर उंच झालाय, तो काढताना पूर्वी तेल खालच्या खळग्यात साठायचं ते आता प्लेटच्या कडेने ओघळतं, चिंध्या भरून ठेवाव्या लागतात. आणि पैसे. पहिलं किट २४०, दुसऱ्याचे सुटे भाग मिळून ५८६. पहिल्यांदाच धड घेतला असता तर, असं बायको म्हणत नाही. फक्त दोन्ही पावत्या तिने फ्रिजवर शेजारी शेजारी लावल्यात.

ज्यांना सुटं सुटं निवडायचा कंटाळा आहे त्यांनी ह्याच गाडीसाठी बनवलेलं, थर्मोस्टॅट असलेलं तयार किट घ्यावं. शे-दीडशे डॉलर जास्त जातील, पण ब्रॅकेट आणि होजची लांबी कुणीतरी आधी मोजलेली असेल. फक्त नरसाळं त्यात येतंय का बघा. बहुतेक वेळा येत नाही.

पहिला पंचवीस रोचा कोअर गॅरेजमध्ये पडून होता. त्याला खोट नव्हती, खोट ओ-रिंगची होती. ट्रॅकवरच्या एका पोराने ८० डॉलर देऊ केले, पण वर एवढं लिहून त्याला तो विकणं बरं दिसलं नसतं. काकांना फोटो पाठवला. ते म्हणाले, उसाच्या ट्रॉलीवाल्या एका ट्रॅक्टरचं हायड्रॉलिकचं तेल फार तापतंय, त्याला लावून बघतो, तिथं व्हॉल नसला तरी चालतंय. डिसेंबरात जाताना बॅगेत घालून नेतोय. साबणाच्या पाण्याने तीनदा धुतलाय, तरी तोंडाशी नाक नेलं की भज्यांच्या कढईचा वास येतो. विमानतळावर बॅग उघडायला लावली तर काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.